घरकाम, हातकाम आणि प्रार्थना हे सगळं एका दिवसात बसवता कसं?

मोहरीचा_दाणा

सलाम सगळ्यांना. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज विचारतेच. आमचं घर साधं असावं, विकतच्या वस्तू कमी असाव्यात, खाणं घरचं ताजं, साफसफाईला ते नाकात झोंबणारे स्प्रे नकोत, मुलांनी आईबाबांना हाताने काहीतरी घडवताना बघावं आणि हे सगळं प्रभूसाठी असावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून सुरुवात केली. पण आता व्हिडिओ बघून बघून यादी वाढतच चाललीय, ब्रेड घरी, साबण घरी, मेणबत्त्या घरी, क्रीम घरी, पडदे घरी शिवलेले, आणि हे सगळं करणाऱ्या बायका पहाटे उठून शांतपणे तासभर बायबल पण वाचतात. माझी दोन मुलं लहान आहेत, धाकटा अजून रात्री उठतो. प्रार्थनेला बसलं की डोळा लागतो. बायबलमधला नीतिसूत्रे 31, तो सद्गुणी बाईच्या कौतुकाचा अध्याय, वाचून आधी बळ यायचं, आता तो अध्याय उघडला की छातीत धस्स होतं, कारण त्या बाईचा दिवा रात्री विझत नाही आणि माझा नऊलाच विझतो.

तर विचारायचं असं की तुम्ही घरी नक्की काय काय करता आणि काय सोडून दिलंत? व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून क्लीनर बनवतात ते खरंच चालतं का? लहान मुलं असलेल्या घरात साबण करावा का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात कामात असताना देवाबरोबर राहायचं कसं? देव सगळीकडे आहे हे मला माहितीये, मला तुमच्या रोजच्या दिवसात ते कसं उतरतं ते ऐकायचंय.


चातीवरचा_धागा

ताई, नीतिसूत्रे 31 ला घाबरू नकोस, उलट परत नीट वाच. 10 ते 31 ही वचनं म्हणजे एक कविता आहे, 22 वचनं, आणि मूळ हिब्रूत प्रत्येक वचन त्यांच्या वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराने सुरू होतं, म्हणजे आपण अ पासून ज्ञ पर्यंत एकेक अक्षर घेऊन कुणाचं कौतुक करावं तसं. 28व्या वचनात मुलं उठून तिला धन्य म्हणतात, म्हणजे मुलं बोलण्यासारखी मोठी झालीयेत, बघ किती वर्षांचा हिशोब आहे तो. अख्ख्या आयुष्याचं कौतुक आहे, आपण त्याला एका मंगळवारचं टाइमटेबल करून टाकलंय. आणि 15वं वचन सगळे पटकन वाचून पुढे जातात, तिच्या घरात दासी आहेत, ती त्यांना कामं नेमून देते. एकटी नाहीये ती. तुझा धाकटा रात्री उठतो तेव्हा तू पण उठतेसच ना, मग दिवा कुठे विझला.

मार्थाचं पण, म्हणजे प्रभू घरी आल्यावर वाढण्याच्या कामात गढून गेलेल्या त्या बाईचं, लोक अर्धंच सांगतात. लूक 10 मध्ये प्रभू तिला कामावरून काही म्हणत नाही, तू पुष्कळ गोष्टींची काळजी आणि दगदग करतेस असं म्हणतो. पुढे योहान 11 मध्ये भाऊ वारलेला असताना हीच मार्था म्हणते की आपण ख्रिस्त, देवाचे पुत्र आहात असा माझा विश्वास आहे, एवढी मोठी साक्ष, आणि ती वाढणाऱ्या हातांच्या बाईने दिलीय. आणि योहान 12 मध्ये परत जेवण आहे आणि मार्था परत वाढतेय, आणि या वेळी तिला कुणी काहीच म्हणत नाही. मला ते वचन फार आवडतं. काम तेच आहे, दगदग गेलीय.

आता मी काय करते ते. ब्रेड घरी करते, कारण त्यात माझी मेहनत जवळजवळ नाहीच, रात्री 500 ग्रॅम पीठ, 10 ग्रॅम मीठ, पाव चमचा ड्राय यीस्ट आणि 350 ते 375 ग्रॅम पाणी चमच्याने कालवायचं, झाकून ठेवायचं आणि झोपायचं. 12 ते 18 तासांत ते स्वतःच फुगतं, मळायचं काम वेळच करते. दुसऱ्या दिवशी ओव्हन 230 ला, जड झाकणाचं भांडं आतच चांगलं तापवून घ्यायचं, गोळा त्यात सोडायचा, 30 मिनिटं झाकून आणि मग झाकण काढून 15 मिनिटं. बाहेर काढल्यावर गार होताना वरचं कवच बारीक तडतड वाजतं, माझ्या मुली कान जवळ नेऊन ऐकत बसतात. शिळे तुकडे वाळवून चुरा करून ठेवते. योहान 6 मध्ये पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभू शिष्यांना म्हणतो उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जाऊ नये, आणि 12 टोपल्या भरतात. ज्याला भाकरी वाढवता येतात तोच तुकडे वेचायला सांगतो, साधं राहणं मी त्या वचनातून शिकले.

पडदे, क्रीम, मेणबत्त्या सगळं सोडलं. एखादी गोष्ट घरी करायची की नाही हे ठरवताना मी एवढंच बघते की ती कुणाच्या उपयोगी पडणारे. नाव डोळ्यासमोर आलं नाही तर ती यादीतून बाहेर.


प्रयोगवही

मी केमिस्ट्री शिकवते म्हणून व्हिनेगर सोड्याचं मी सांगते. दोन्ही वेगवेगळे कामाचे आहेत, एकत्र केले की दोघांचं काम संपतं. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली, फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि फेस बसला की मागे उरतं पाणी आणि थोडं सोडियम अॅसिटेट. दिसायला जोरदार, पण बाटलीत भरून ठेवलेलं ते मिश्रण जवळपास खारं पाणी असतं. आणि झाकण घट्ट लावलंत तर आत गॅस साठून बाटली फुटू शकते, लहान मुलांच्या घरात तर नकोच.

त्यापेक्षा नळावरचे, किटलीतले पांढरे क्षार काढायला नुसतं व्हिनेगर, म्हणजे 5 टक्के अॅसिटिक अॅसिड, कापड भिजवून नळाला गुंडाळून ठेवा आणि नंतर पुसून काढा. संगमरवराला मात्र लावायचं नाही, तो पण कॅल्शियम कार्बोनेटच आहे, चकाकी खाऊन टाकेल. सिंक, करपलेलं भांडं यांना ओला सोडा हाताने घासा. तेलकटपणाला साबण आणि गरम पाणी याला पर्याय नाही. आणि हे नीट लक्षात ठेवा, ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये पण ब्लीच नको, त्यातून क्लोरामाइन तयार होतात, दोन्ही फुप्फुसांना घातक. नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं अजिबात नसतं. आणि घरात कुणाला उलट्या जुलाब लागले असतील तर व्हिनेगरवर भिस्त ठेवू नका, तेव्हा लेबलवर सांगितलंय तसं नीट जंतुनाशकच वापरा, त्यात साधेपणाला काही कमीपणा येत नाही.

साबणाबद्दल. कॉस्टिक सोड्याशिवाय (सोडियम हायड्रॉक्साइड, खायचा सोडा नव्हे) खऱ्या साबणाची वडी होत नाही, तेल आणि कॉस्टिक मिळूनच साबण आणि ग्लिसरीन बनतं, नीट केलेल्या साबणात कॉस्टिक शिल्लक राहत नाही. पण करताना ते कातडी जाळतं, डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्या, उघडी खिडकी, आणि मुलं घरात जागी असताना करायचंच नाही. कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडं थोडं टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधी ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं, अॅल्युमिनियमचं नको, त्यातून हायड्रोजन सुटतो. अंगावर उडालं तर व्हिनेगर शोधत बसू नका, भरपूर वाहतं पाणी, आणि डोळ्यात गेलं तर पाणी मारत मारत लगेच डॉक्टर. प्रमाण ग्रॅममध्येच मोजायचं, वाटीने नाही, कारण प्रत्येक तेलाला वेगळं लागतं. अंदाज यावा म्हणून सांगते, 700 ग्रॅम ऑलिव्ह तेल आणि 300 ग्रॅम खोबरेल तेलाला, 5 टक्के तेल साबण न होता मोकळं राहील असं धरून, साधारण 141 ग्रॅम कॉस्टिक लागतं, तरी दर वेळी साबणाच्या कॅल्क्युलेटरवर तपासूनच घ्या. मग वड्या 4 ते 6 आठवडे हवेशीर जागी वाळवायच्या. धाकटा रांगता असेल तर माझं सरळ मत, दोनतीन वर्षं थांबा. साबण कुठे पळून जात नाही.

क्रीमचं पण सांगून टाकते, पाणी असलेलं क्रीम घरी करून ठेवलं आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर त्यात जंतू आणि बुरशी वाढते, दिसायच्या आधीच वाढते. त्याऐवजी बाम करा, एक भाग मधमाशीचं मेण, चार भाग तेल, गरम पाण्यावर भांडं ठेवून वितळवायचं, मेण 62 ते 64 अंशांना वितळतं. पाणी नाही म्हणून टिकतो. फुटलेल्या टाचांना, ओठांना छान. हे मोठ्या मुलाला शेजारी बसवून दाखवू शकता, वितळलेल्या मेणापासून हात लांब ठेवून.

मी स्वतः बायबलमधल्या बसालेलसाठी देवाचे फार आभार मानते. निर्गम 31 मध्ये देव म्हणतो की मी त्याला माझ्या आत्म्याने भरलंय, आणि कशासाठी, तर सोनं, रुपं, पितळ घडवायला, रत्नं बसवायला, लाकूड कोरायला. अचूक मोजणं, नीट घासणं, सांडू न देणं, हे सगळं त्या आत्म्याचंच देणं आहे असं मी वर्गात प्रयोग मांडताना पण मनात म्हणते.


पाळीचा_बाबा

ताईंनी विचारलंय सगळ्या बायकांना पण मी बोलतो, कारण इतक्या उत्तरांत कुणीच विचारलं नाही की घरातले बाकीचे काय करतात. माझ्या मते अर्धं उत्तर तिथे आहे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासी लोकांसाठी नियम लिहिला, त्याच्या 35व्या अध्यायात स्वयंपाकघराची पाळी आहे. आठवड्याआठवड्याने सगळ्यांनी एकमेकांची सेवा करायची, आजारी किंवा फार महत्त्वाच्या कामात असलेला सोडून कुणाला सूट नाही. पाळी संपवणारा शनिवारी सगळी सफाई करतो, हातपाय पुसायचे टॉवेल धुतो, पाळी संपवणारा आणि सुरू करणारा दोघं मिळून सगळ्यांचे पाय धुतात, आणि भांडी स्वच्छ आणि धड असलेली मोजून परत देतात. रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी दोघं सगळ्यांपुढे वाकतात, आमच्यासाठी प्रार्थना करा म्हणतात, संपवणारा आभार मानतो, सुरू करणारा देवाकडे मदत मागतो. आणि 31व्या अध्यायात तर असं आहे की मठातली सगळी भांडी आणि सामान वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखं समजावं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातली कढई घासता घासता थांबलो होतो.

आम्ही आता घरी तसंच करतो, बायकोची आणि माझी आठवड्याची पाळी, मुलगी सात वर्षांची आहे तिला चमचे आणि टेबल. रविवारी उपासनेला निघायच्या आधी स्वयंपाकघरात उभं राहून, ज्याची पाळी संपली तो एक आभाराचं वाक्य म्हणतो आणि ज्याची सुरू होणार त्याच्यासाठी बाकीचे प्रार्थना करतात, दोन मिनिटंपण लागत नाहीत. पण त्याने भांडी घासणं कुणा एकाचं राहिलं नाही, आणि मुलीला कळलं की बाबा काम करतात ते मदत म्हणून नाही, पाळी म्हणून. योहान 21 मध्ये पुनरुत्थान झालेला प्रभू किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव करून त्यावर मासळी ठेवतो आणि रात्रभर राबून आलेल्या शिष्यांना म्हणतो या, न्याहरी करा. पुरुषांनी ते वचन पाठ करावं. ताई, तुमच्या साहेबांना हा धागा वाचायला द्या, मी मनापासून सांगतोय.


लोकरआजी

बाळा, सगळ्यांनी छान सांगितलं. मी फक्त विणकामाचं बोलेन कारण मला तेच येतं, आणि तू विचारलंस हात कामात असताना देवाबरोबर कसं राहायचं, ते मला सुयांनी शिकवलं.

प्रेषितांची कृत्ये 9 मध्ये यापो गावची टबीथा आहे, तिलाच दुर्कस म्हणतात. ती वारली तेव्हा पेत्राला बोलावतात, तो माडीवर येतो आणि सगळ्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात आणि दुर्कसने त्यांच्यासाठी केलेले अंगरखे आणि वस्त्रं त्याला दाखवतात. तिने काय शिकवलं, काय बोलली, एक शब्द नाही लिहिलेला. कपडे लिहिलेत. मी ते चित्र डोळ्यासमोर आणते तेव्हा मला नेहमी वाटतं की एकेकीने आपल्या अंगावरचाच अंगरखा धरून दाखवला असेल, ही शिवण बघ, ही बाही बघ.

1998 साली अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये जॅनेट ब्रिस्टो आणि व्हिक्टोरिया गॅलो या दोघींनी प्रार्थनेच्या शाली विणायला सुरुवात केली, आता जगभर मंडळ्यांमधून तशा विणतात. कुणी आजारी असेल, कुणाचं माणूस गेलं असेल, त्याच्यासाठी प्रार्थना करत शाल विणायची आणि नेऊन द्यायची. वीण अगदी सोपी. 8 मिलिमीटरच्या जाड सुया, जाड लोकर, 57 टाके घालायचे, तीन सुलट तीन उलट, तीन सुलट तीन उलट, ओळ तीन सुलटवर संपते, आणि पुढची ओळ परत तीन सुलटनेच सुरू करायची, बस. तीनाच्या पटीत कारण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. हात एकदा त्या चालीला लागले की डोकं मोकळं होतं, मग प्रत्येक ओळीला मी एक माणूस घेते, त्याचं नाव, त्याचं काय चाललंय ते देवाला सांगते, ओळ संपली की पुढचं माणूस. झोप आली तर सुया खाली ठेवते आणि झोपते. देव मला टाके चुकले म्हणून उठवत नाही.

क्रोशा येत असेल तर साखळी घालून नुसते खांब विणत जा, तेवढं पुरे. डिझाइन मोजावं लागलं की प्रार्थना सुटते, म्हणून प्रार्थनेच्या विणीला सोपीच वीण घ्यायची.


शांतवेळ

वरचं सगळं पटलं पण एक वेगळं सांगावंसं वाटतं. कामातली प्रार्थना ही नुसत्या बसण्याच्या प्रार्थनेची जागा घेते असं होऊ देऊ नका. पॅरिसच्या मठातला ब्रदर लॉरेन्स सगळ्यांना माहीत असतो, 1640 मध्ये कार्मेलाइट मठात गेला आणि बरीच वर्षं मठाच्या स्वयंपाकघरात होता, त्याला ते काम मुळात आवडायचं नाही तरी देवावरच्या प्रेमापोटी करायचा, भांड्यांच्या गडबडीत पण देवाजवळ आहे असं म्हणायचा. पण तो एका अशा घरात राहत होता जिथे ठरलेल्या वेळी घंटा व्हायची आणि सगळे प्रार्थनेला जायचे. स्वयंपाकघरातली त्याची प्रार्थना त्या पायावर उभी होती. आपल्याकडे घंटा कुणी वाजवत नाही.

म्हणून माझं म्हणणं, तासभर सोडा, पण दिवसातली एक लहान वेळ अशी ठेवा की जेव्हा हातात काहीही नसेल, सुई पण नाही आणि फोन पण नाही. ताई तुमचा धाकटा रात्री उठतो ना, तो परत झोपला की तिथेच पाच मिनिटं. एक स्तोत्र, सगळं नाही जमलं तर चार ओळी. स्तोत्र 127 मध्ये आहेच, पहाटे लवकर उठणं आणि रात्री उशिरा झोपणं व्यर्थ आहे, देव आपल्या प्रियजनांना झोप देतो. पहाटे उठणाऱ्या बायकांचे व्हिडिओ बघून वाईट वाटलं की हे स्तोत्र वाचा.


मोहरीचा_दाणा

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही, दुपारी मुलं झोपल्यावर सगळं एका दमात वाचलं आणि मग नवऱ्याला पाठवलं. पाळीचा_बाबा दादा, त्यांनी पूर्ण वाचून एवढंच विचारलं की पाळी या रविवारपासून का पुढच्या. म्हटलं याच.

साबण बंद, निदान धाकटा शाळेत जाईपर्यंत. प्रयोगवही ताई, सोडा व्हिनेगरची भरून ठेवलेली बाटली आजच ओतून टाकली, झाकण उघडताना फस्स झालं, म्हणजे तुम्ही म्हणता तसंच होतं ते. ब्रेड रात्री कालवून ठेवणार आहे. आणि धाकट्याच्या पाळण्यापाशी स्तोत्रांचं छोटं पुस्तक ठेवलंय.

आजी, तुम्हाला एक विचारायचंय. आमच्या मंडळीतल्या एका काकूंची केमोथेरपी सुरू झालीय, मुलांना फार जीव लावतात त्या. त्यांच्यासाठी तुमची 57 टाक्यांची शाल करावी म्हणते. घरात जाड लोकर आहे पण ती थोडी टोचते, चालेल का? आणि टोपी पण करू का?


लोकरआजी

टोचरी लोकर नको गं. केमोत कातडी हुळहुळी होते, केस गेलेल्या डोक्याला तर साधी शिवण पण लागते. मऊ सुती दोरा घे नाहीतर बांबू मिसळलेला सुती, नाहीतर बाळांसाठी मिळतं ते मऊ अॅक्रिलिक, मशीनमध्ये धुता येईल असंच काहीही. घ्यायच्या आधी दोरा मानेच्या मागे किंवा गालाला थोडा वेळ घासून बघ, हाताला कळत नाही तिथे कळतं. आणि विणून झालं की बिनवासाच्या साबणाने एकदा धुऊनच दे, केमोच्या दिवसांत वास सहन होत नाहीत, अत्तर, लव्हेंडरची पुरचुंडी असलं काही आत घालू नकोस. तब्येतीमुळे डॉक्टरांनी भेटायला मनाई केली असेल तर पिशवी दाराशी ठेवून ये.

शाल फार मोठी करू नकोस, झोपून असताना ओढून घ्यायला जड होते, खांद्यावरून पुढे येऊन मांडी झाकली की झालं. टोपी जरूर कर पण गोल गोल विण, म्हणजे मधे शिवण येणार नाही, आणि जाळीची वीण नको, थंडी वाजते. डोक्याचं माप काकूंनाच विचार, केस गेल्यावर जुनी टोपी सैल होते म्हणून पूर्वीच्या मापावर जाऊ नकोस. टाके घालायला बसशील तेव्हा इथे लिही, सुलट उलट विसरली असशील तर सांगेन. आणि काकूंचं नाव इथे लिहू नकोस, मी माझ्या ओळीत त्यांना मोहरीच्या दाण्याच्या काकू म्हणूनच घेईन.